मागाहून येणारा ताप

घरांत लहान मूल असलें कीं पडसें-खोकला हा त्या घरचा नेहमींचाच पाहुणा. हवा पालटली, पावसाळा लागला, शाळा सुरू झाली कीं तो येतो. चार दिवस राहतो आणि आला तसा जातो. आईला त्याची धास्ती वाटत नाहीं, आणि वाटूंहि नये. कारण बहुतेक पडशांचा शेवट आपोआप बरें होण्यांतच होतो. पण पडशानें पाठ फिरविली म्हणजे त्याचा मुलाशीं असलेला संबंध तत्क्षणीं संपला, असें जें आपण गृहीत धरतों, तें मात्र नेहमींच खरें ठरत नाहीं. क्वचित्, फारच क्वचित्, असें होतें कीं, विषाणूचा उपद्रव शमल्यावर दोन ते सहा आठवड्यांनीं, मूल पूर्ववत् खेळूं-बागडूं लागलें असतां, त्याला एकाएकीं जोराचा ताप भरतो. आणि हा दुसरा ताप पहिल्या पडशाहून सर्वस्वीं निराळ्या जातीचा असतो. त्याचा विचार ह्या महिन्याच्या सदरांत करावयाचें योजिलें आहे. आमच्या वाचकभगिनींना भिवविण्याचा हेतु ह्यांत नाहीं. ह्या दुखण्यांत वेळेवर उपचार झाले तर बहुसंख्य मुलें बरीं होतात. आणि ती वेळ साधणें किंवा दवडणें हें पुष्कळ अंशीं घरच्या माणसांच्या हातीं असतें, एवढ्याचकरितां हा प्रपंच.

ह्या विकाराची जगाला ओळख झाली ती २०२० सालीं. कोव्हिडची साथ युरोपांत नुकतीच पसरली होती. वृद्ध माणसें तिला बळी पडत होतीं; मुलें मात्र बव्हंशीं सुटत आहेत, एवढेंच काय तें समाधान होतें. अशा वेळीं इटलींतील बर्गामो शहरांतील बालरोगतज्ज्ञांच्या ध्यानांत एक विलक्षण गोष्ट आली. ‘कावासाकी रोग’ ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या एका दुर्मिळ दुखण्यासारखीं लक्षणें असलेलीं मुलें त्यांच्याकडे एकामागून एक येऊं लागलीं. मागील पांच वर्षांत मिळून तेथें अशीं १९ मुलें आलीं होतीं. तर १८ फेब्रुवारी ते २० एप्रिल २०२० ह्या दोन महिन्यांतच १० आलीं. त्याच एप्रिलांत लंडन येथें दहा दिवसांच्या अवधींत आठ मुलें अत्यवस्थ स्थितींत अतिदक्षता विभागांत दाखल झालीं. त्यांपैकीं एक दगावलें. ह्या मुलांपैकीं बहुतेकांना श्वासाचा मोठासा त्रास नव्हता. त्यांचें पोट दुखत होतें, अंगावर पुरळ होतें, आणि हृदय थकून रक्तदाब खालीं आला होता.

पुढें १४ मे रोजीं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानें व १५ मे रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें ह्या विकारासंबंधीं सर्व डॉक्टरांना सावध केलें. ‘मल्टिसिस्टिम इन्फ्लमेटरी सिंड्रोम इन चिल्ड्रेन’ असें त्याचें लांबलचक नांव; डॉक्टरमंडळी त्यास आद्याक्षरांवरून ‘एम्. आय्. एस्. सी.’ म्हणतात. आपण त्यास मुलांमधील बहुइंद्रिय दाह म्हणूं. आपल्याकडेहि तो त्याच वर्षीं दिसला; मुंबईंतील अशा २३ मुलांची हकीकत ‘इंडियन पीडिअॅट्रिक्स’ ह्या वैद्यकीय नियतकालिकांत २०२० सालींच प्रसिद्ध झाली. २०२१ च्या उन्हाळ्यांतील दुसऱ्या लाटेनंतर तर महाराष्ट्रांतील पुष्कळ बालरोगतज्ज्ञांना तो परिचयाचा झाला.

ज्या कावासाकी रोगावरून डॉक्टरांना प्रथम संशय आला, त्याची कथा जाणून घेण्यासारखी आहे. १९६१ च्या जानेवारींत टोकिओ येथील रेड क्रॉस रुग्णालयांत तोमिसाकु कावासाकी ह्या बालरोगतज्ज्ञाकडे चार वर्षांचा एक मुलगा आला. ताप हटत नव्हता. डोळे लाल, ओंठ लाल व भेगाळलेले, हातापायांना सूज, अंगावर पुरळ. माहीत असलेल्या कोणत्याच रोगाशीं हें दुखणें जुळेना. मुलगा बरा होऊन घरीं गेला; परंतु कावासाकींनीं त्याचें टिपण जपून ठेवलें. पुढें तसेंच दुसरें मूल आलें, तिसरें आलें. आणि १९६७ सालीं अशा ५० मुलांच्या टिपणांवरून त्यांनीं ह्या नव्या रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें. ह्या रोगांत हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्यांच्या भिंती सुजून त्या जागोजाग फुगतात, हें मागाहून स्पष्ट झालें. उपचार न झाल्यास सुमारें चौथा हिस्सा मुलांना ही इजा पोहोंचते. पहिल्या दहा दिवसांत योग्य उपचार झाल्यास तें प्रमाण शेंकडा चारांच्या आसपास उतरतें. कावासाकी वयाच्या ९५ व्या वर्षीं, ५ जून २०२० रोजीं निवर्तले.

दोन्ही दुखणीं दिसावयास सारखीं असलीं तरी एक नव्हेत. कावासाकी रोग बहुधा पांच वर्षांच्या आंतील मुलांना होतो, आणि त्याचें कारण अद्यापहि निश्चित झालेलें नाहीं. कोव्हिडनंतरचा हा दाह बहुतकरून शाळेंत जाणाऱ्या, आठ-नऊ वर्षांच्या आगेंमागें असलेल्या मुलांत आढळला. त्यांत पोटाचीं लक्षणें अधिक, आणि हृदयाचा स्नायु दुबळा होऊन मूल एकाएकीं खचण्याची भीति अधिक.

आतां कोणी विचारील कीं, विषाणूचा जोर सरल्यावर मागाहून हें दुखणें उद्भवतें तरी कसें? ह्याचें उत्तर आपल्या रोगप्रतिकारशक्तीच्या स्वभावांत आहे. शरीरांत परकें कांहीं शिरलें कीं ती शक्ति त्याची ओळख पटवून घेते, त्याच्या विरुद्ध प्रतिद्रव्यें व लढाऊ पेशी तयार करते. आणि ह्या झगड्यांत त्या ठिकाणीं जी लाली, ऊब, सूज व वेदना उत्पन्न होते, तिलाच दाह म्हणतात. बोटाला कांटा लागला असतां भोंवतालची जागा लाल होते, तोहि दाहच. तो प्रमाणांत असला तर हितकर. पण विषाणूचा एखादा अंश आपल्याच शरीरांतील एखाद्या पदार्थासारखा दिसत असला, तर त्या शक्तीची ओळखण्यांत गफलत होते, आणि परक्याला मारण्यासाठीं घडविलेलें हत्यार घरच्यावरच चालतें. २०२४ च्या ऑगस्टांत ‘नेचर’ ह्या प्रसिद्ध शास्त्रीय नियतकालिकांत आलेल्या एका संशोधनानें ह्या तर्काला चांगली पुष्टि दिली आहे. हा दाह झालेल्या मुलांपैकीं सुमारें एक तृतीयांश मुलांच्या रक्तांत, ‘एस्. एन्. एक्स्. ८’ नांवाच्या आपल्याच शरीरांतील एका प्रथिनावर उलटलेलीं प्रतिद्रव्यें सांपडलीं; आणि त्या प्रथिनाचा एक तुकडा कोव्हिडच्या विषाणूंतील एका प्रथिनाच्या तुकड्याशीं मिळताजुळता आहे, असें दिसून आलें. बाकीच्या मुलांत काय घडतें, ह्याचा शोध चालूं आहे.

ही कल्पना आपल्या देशाला तितकीशी नवी नाहीं. घसा सुजून बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनीं मुलाचे सांधे एकामागून एक धरावे, ताप यावा, आणि त्यांतूनच हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडाव्या, असा जो संधिज्वर, त्यानें आपल्याकडील कित्येक मुलामुलींचीं आयुष्यें झांकोळून टाकलीं आहेत. त्याचें मूळ विषाणु नसून स्ट्रेप्टोकॉकस नांवाचे जंतु होत; परंतु रीत तीच : आधीं साधें दुखणें, मग निर्धास्तपणाचे कांहीं दिवस, आणि त्यानंतर मागाहून आलेला घाव. त्या मधल्या निर्धास्त दिवसांमुळेंच पहिल्या व दुसऱ्या दुखण्याचा संबंध घरच्यांच्या ध्यानांत येत नाहीं.

हा बहुइंद्रिय दाह किती मुलांना होतो? अमेरिकेंत २०२० सालीं केलेल्या गणतींत, वीस वर्षांपर्यंतच्या दर दहा लक्ष बाधितांमागें ३१६ जणांना तो झाल्याचें आढळलें. म्हणजे सुमारें तीन हजारांत एक. पुढें २०२२ पासून ओमिक्रॉन जातीच्या विषाणूच्या काळांत हें प्रमाण पुष्कळच घटलें. तेव्हां आपल्या मुलाला पडसें झालें म्हणून सहा आठवडे त्याच्या कपाळाला हात लावीत बसण्याचें कांहींएक कारण नाहीं. लक्षणें मात्र ठाऊक असावीं.

पहिलें आणि मुख्य लक्षण ताप. तो बहुधा जोराचा असतो, औषधानें घटकाभर उतरतो व पुन्हां चढतो. त्याच्या जोडीला पोटाची तक्रार फार वेळां असते : कळा, वांत्या, जुलाब. कित्येकदां पोटदुखी इतकी तीव्र असते कीं, आंत्रपुच्छाला सूज आली असावी अशा समजुतीनें शस्त्रवैद्याला पाचारण करावें लागलें आहे. त्वचेवर लालसर पुरळ उठतें. दोन्ही डोळे लाल होतात, पण त्यांतून चिकट घाण येत नाहीं. ओंठ लाल व शुष्क होतात. जीभ लाल होऊन तिच्यावर बारीक दाणे दिसतात. हातापायांवर किंवा मानेंतील गांठींना सूज येते. डोकें दुखणें, प्रकाश सहन न होणें, चिडचिड, अतिशय गळाठा हींहि आढळतात. हीं सर्व लक्षणें एकाच मुलांत दिसतीलच असें नाहीं, आणि एकाच दिवशीं तर नाहींच. सकाळीं पुरळ असून संध्याकाळीं तें मावळलेलें असूं शकतें.

येथेंच घरोघरीं घोटाळा होतो. नाक वाहत नाहीं, खोकला नाहीं. तेव्हां ह्या तापाचा महिन्यापूर्वींच्या पडशाशीं संबंध कोण जोडणार? पोट दुखतें म्हणजे कालच्या लग्नांतलें जेवण बाधलें. पुरळ आलें म्हणजे उष्णता झाली. डोळे लाल म्हणजे रात्रीं जागरण झालें. प्रत्येक लक्षणाला एकेक कारण सहज सांपडतें. मग एक दिवस लंघन, एक दिवस काढा, तिसऱ्या दिवशीं कपाटांत उरलेलें जुनें औषध. घरांतील वडील स्त्रियांचा अनुभव मोलाचा असतो, आणि साध्या अजीर्णावर त्यांचा सल्ला पुष्कळदां उत्तम उतरतो. परंतु हें दुखणें त्यांच्या तरुणपणीं कोणालाच ठाऊक नव्हतें. तेव्हां त्यांच्या सल्ल्याचा मान राखूनहि, तिसऱ्या दिवशीं डॉक्टरकडे जाण्याचा आग्रह सुनेनें वा लेकीनें सोडूं नये. किंबहुना समजूतदार सासूबाईंनींच तो आग्रह आधीं धरावा.

दुसरी अडचण स्मरणाची. पहिलें दुखणें पुष्कळदां इतकें सौम्य असतें कीं, तें झालें होतें हेंच कोणाच्या लक्षांत राहत नाहीं. मे महिन्यांत मुलें आजोळीं जातात. तेथें मामेभावंडांबरोबर दोन दिवस नाक वाहतें, अंग कोमट लागतें. आजी सुंठ-गूळ देते व विसरते. “पडसें तें काय पत्रांत लिहावयाचें!” जून महिन्यांत मूल घरीं परततें, शाळा सुरू होते, आणि तिसऱ्या आठवड्यांत हा ताप येतो. डॉक्टर विचारतात, “मागें कांहीं आजार झाला होता काय?” आई मनापासून सांगते, “नाहीं.” केव्हां केव्हां मुलाला स्वतःला कांहींच झालेलें नसतें, घरांतल्या आजोबांना तेवढा चार दिवस खोकला झालेला असतो. म्हणून प्रश्न असा विचारला जावा, आणि डॉक्टरांनीं न विचारल्यास आपण होऊन त्याचें उत्तर द्यावें : गेल्या दीड-दोन महिन्यांत ह्या मुलाला, किंवा ज्यांच्या सहवासांत तें होतें त्यांपैकीं कोणाला, ताप-पडसें-खोकला होऊन गेला काय? कोव्हिडची तपासणी केली होती काय? ह्या एका उत्तरानें डॉक्टरांच्या विचाराची दिशा बदलूं शकते.

ह्यावर सोपा तोडगा म्हणजे मुलाच्या आजाराची टिपणवही. दुधाचा हिशेब आपण भिंतीवरील दिनदर्शिकेवर मांडतों, मग मुलाच्या तापाचा कां मांडूं नये? पडसें कोणत्या दिवशीं आलें, कधीं गेलें. ताप किती अंश होता, कोणत्या वेळीं मोजला. कोणतें औषध, किती व केव्हां दिलें. वांती, जुलाब, लघवी किती वेळां. पुरळ कोठें दिसलें. इतकें पुरे. पुरळाचें छायाचित्र हातांतल्या फोनवर काढून ठेवावें. तें मावळलें तरी डॉक्टरांना दाखवितां येतें. आणि ध्यानांत ठेवावें कीं, औषधानें उतरलेला ताप हा गेलेला ताप नव्हे. दिवस मोजतांना तोहि दिवस धरावयाचा.

प्रत्यक्ष आचरणाचा नियम थोडक्यांत असा. कोणत्याहि कारणानें मुलाचा ताप तिसऱ्या दिवशींहि कायम असेल, तर डॉक्टरला दाखवावें. तापासोबत पुरळ, लाल डोळे किंवा पोटांत तीव्र कळा असतील, तर तिसऱ्या दिवसाची वाट पाहूं नये. आणि मुलाला धाप लागत असेल, छातींत दुखत असेल, हातपाय गार पडले असतील, ओंठ वा नखें निळसर दिसत असतील, मूल ग्लानींत असेल किंवा असंबद्ध बोलत असेल, लघवी फारच कमी झाली असेल, तर रात्र-अपरात्र न पाहतां थेट रुग्णालयांत न्यावें. आपल्याकडे पावसाळ्यांतील तिसऱ्या दिवसाच्या तापांत डेंग्यू, हिंवताप, विषमज्वर, लेप्टोस्पायरोसिस हींच बहुधा निघतील. पण त्यांनाहि वेळेवर दाखविणेंच हितावह असल्यामुळें हा नियम पाळून कोणाचेंच नुकसान व्हावयाचें नाहीं. रोग कोणता हें ठरविणें आपलें काम नव्हे. रक्ताच्या चांचण्या व हृदयाची इकोकार्डिओग्राफी पाहून तें डॉक्टर ठरवितील.

उपचारांविषयीं घरच्यांना दोन गोष्टी ठाऊक असाव्या. एक, निरोगी दात्यांच्या रक्तांतून काढलेलीं प्रतिद्रव्यें शिरेंतून देतात. त्यांना इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. त्यांचें प्रमाण वजनाच्या दर किलोस दोन ग्रॅम, म्हणजे वीस किलोच्या मुलास चाळीस ग्रॅम, आणि किंमत मध्यम स्थितींतील कुटुंबाला भारी पडेल अशी. दुसरी गोष्ट स्टेरॉइड औषधें. हीं त्या मानानें पुष्कळच स्वस्त. ३२ देशांतील ६१४ मुलांच्या उपचारांची तुलना २०२१ सालीं प्रसिद्ध झाली. तींत केवळ इम्युनोग्लोब्युलिन, केवळ स्टेरॉइड, किंवा दोन्ही, ह्यांच्या गुणांत स्पष्ट असा फरक आढळला नाहीं. तेव्हां डॉक्टरांनीं स्वस्त उपाय निवडला म्हणजे मुलावर हलका उपचार झाला, असें मानून बापानें खंत करूं नये वा दागिने मोडावयास धांवूं नये. कोणत्या मुलास काय द्यावें, हें त्याच्या हृदयाची स्थिति पाहून ठरतें. अमेरिकेंत साथीच्या पहिल्या काळांत ह्या दुखण्यानें शंभरांत एक-दोन मुलें दगावलीं. बाकीचीं सुधारलीं, आणि बहुतेकांचें हृदय कांहीं आठवड्यांत वा महिन्यांत पूर्ववत् काम करूं लागलें.

मूल घरीं आल्यावरहि कांहीं पथ्यें राहतात. हृदयाची तपासणी सांगितलेल्या तारखेस पुन्हां करून घ्यावी; मूल धडधाकट दिसतें म्हणून ती टाळूं नये. धांवणें, पोहणें, सामने हीं डॉक्टरांच्या परवानगीवांचून सुरू करूं नयेत. हृदयाला बाधा झाली असल्यास ही बंदी बहुधा तीन ते सहा महिने असते. कांहीं मुलांना थोड्या प्रमाणांत अॅस्पिरिन देतात. तें सांगितलें तेवढेंच द्यावें, आणि त्या काळांत इन्फ्लुएंझा वा कांजिण्यांचा संशय आला तर डॉक्टरांना तत्काळ कळवावें, कारण अशा वेळीं अॅस्पिरिनमुळें यकृत व मेंदू ह्यांना अपाय करणारा रे सिंड्रोम नांवाचा भयंकर विकार होऊं शकतो. ह्याच कारणास्तव, एरवीं साध्या तापांतहि मुलाला घरच्या घरीं अॅस्पिरिन कदापि देऊं नये. इम्युनोग्लोब्युलिन दिलें असल्यास गोवर व कांजिण्या ह्यांच्या लसी सुमारें अकरा महिने पुढें ढकलाव्या लागतात. म्हणून त्याची तारीख लसीकरणाच्या कार्डावर ठळक लिहून ठेवावी.

प्रतिबंधाचा खात्रीचा असा घरगुती उपाय नाहीं. लसीचा उपयोग मात्र दिसून आला आहे : अमेरिकेंत १२ ते १८ वर्षांच्या मुलांत फायझर लसीच्या दोन मात्रांनीं हा दाह टाळण्यांत शेंकडा ९१ यश मिळाल्याचें २०२२ च्या जानेवारींत प्रसिद्ध झालें. आपल्याकडे वेगळ्या लसी वापरल्या गेल्या. १५ ते १८ वर्षांच्या मुलांना ३ जानेवारी २०२२ पासून व १२ ते १४ वर्षांच्या मुलांना १६ मार्च २०२२ पासून त्या मिळूं लागल्या. आपल्या मुलाला सध्यां कोणती लस इष्ट आहे, हें नेहमींच्या डॉक्टरांसच विचारावें.

शेवटीं वाचकभगिनींना एवढीच विनंति कीं, वर सांगितलेली टिपणवही ज्या घरांत नसेल, त्या घरीं ती ह्याच महिन्यापासून घालावी, आणि मूल आजोळीं किंवा परगांवीं जाईल तेव्हां ती त्याच्या सामानांत द्यावी, म्हणजे तेथील पडशाचीहि नोंद राहील. गोवर व त्याच्यानंतरचे उपद्रव ह्यांविषयीं पुढील अंकीं लिहूं.